पेन्शन बंद करून पोलीस ठाण्यातल्या जागा भरत नाहीत

'पोलिसांच्या पेन्शनमध्येच तिजोरी रिकामी होते. निवृत्तीच्या दिवशी एकेकाच्या हातात चाळीस-पन्नास लाख पडतात, मग भरतीला पैसा कुठून येणार? पेन्शन बंद करा, दुप्पट शिपाई मिळतील.' अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत पुढे ढकलला जातो. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांचा महाराष्ट्राच्या तिजोरीवर मोठा भार आहे, एवढं खरं. बाकीचं एकेक तपासून पाहू.

पेन्शन बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी तारीख पाहावी. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना काही अपवाद सोडले तर जुनी पेन्शन नाहीच. नव्या शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपये. निवृत्तीच्या निधीसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम त्याच्या पगारातून कापली जाते, राज्य १४ टक्के घालतं. १ मार्च २०२४ पासून सुधारित योजनेचा पर्याय आला, पण तोही बऱ्याच वर्षांच्या लढ्यानंतर. आणि त्या लढ्यात पोलीस संपावर जाऊ शकत नव्हते, कायद्यानेच त्यांना मनाई आहे. म्हणजे मधली अठरा वर्षं नव्यांसाठी जुनी पेन्शन बंदच होती. जागा मात्र भरल्या नाहीत.

बंद करून लगेच पैसा सुटतो, हाही गैरसमज. २००५ च्या अखेरीस बावीसाव्या वर्षी लागलेला शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०४१ च्या आसपास निवृत्त होणार. तोवर जुन्या निवृत्तांची पेन्शनही द्यायची आणि नव्यांचे १४ टक्केही दरमहा भरायचे. शिवाय पेन्शन अर्थसंकल्पातल्या २०७१ या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या खात्यातून जाते, पोलिसांचा पगार २०५५ मधून. एकीकडे वाचलेला रुपया आपोआप दुसरीकडे जात नाही.

आता ते 'चाळीस-पन्नास लाख'. यातला भविष्य निर्वाह निधी हा त्याच्याच पगारातून साठलेला पैसा. अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, ही तर निव्वळ उचल आहे. जुन्या योजनेतल्या हवालदाराचं शेवटचं मूळ वेतन ५०,००० धरा, पेन्शन २५,०००. त्यातले ४० टक्के, म्हणजे महिन्याचे १०,००० विकले की अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे १० लाख मिळतात. मग पंधरा वर्षं दरमहा १०,००० कापले जातात. बेरीज होते १८ लाख.

आता रजा रोखीकरण, म्हणजे न घेतलेल्या रजेचे पैसे, आणि इथे तो मजकूर पार उलटा पडतो. अर्जित रजा जास्तीत जास्त ३०० दिवसांची रोखीत मिळते. ती साठते कशी? गणपती, निवडणूक, बंदोबस्त. अर्ज दिला की 'मनुष्यबळ कमी आहे' म्हणून नामंजूर. जागा रिकामी ठेवून वाचवलेल्या पगाराचा काही भाग सरकार त्याच माणसाला निवृत्तीच्या वेळी परत करतं, तोही शेवटच्या, वाढलेल्या पगाराच्या दराने. म्हणजे निवृत्तीचा हा खर्च रिक्त पदांमुळेच फुगतो.

मग जागा रिकाम्या का? ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने काटकसरीसाठी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून बाकी नवी भरती थांबवली. पोलिसांना नंतर सूट मिळाली, पण २०२१ च्या रिक्त जागांची मैदानी चाचणी जानेवारी २०२३ उजाडल्यावर सुरू झाली, २०२२-२३ ची जून २०२४ मध्ये. बिंदुनामावलीची (कोणतं पद कोणत्या आरक्षणात जातं याच्या नोंदीची) तपासणी, जाहिरात, ५० गुणांची मैदानी, १०० गुणांची लेखी, कागदपत्रं, वैद्यकीय, चारित्र्य पडताळणी आणि मग सुमारे नऊ महिन्यांचं प्रशिक्षण. एक टप्पा अडला की पुढचे सगळे थांबतात, आणि तेवढ्या काळात आणखी माणसं निवृत्त होतात.

यात अचानक काही घडत नाही. कोण कधी निवृत्त होणार हे सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं. शाळेत १ जून ही जन्मतारीख लागलेले कितीतरी जण ३१ मे रोजी एकदम जातात, हे प्रत्येक आस्थापना शाखेला पाठ आहे. त्या यादीवरून बिंदुनामावलीची तपासणी दोन वर्षं आधी सुरू करायला जादा निधी लागत नाही.