खुलासा : ‘संध्याकाळी बसायचंय तर दिवसभर जेवू नका’

वाशी-नेरूळच्या कॉलेज ग्रुपांवर फिरणारा हा ‘डाएट’चा मेसेज चुकीचा आहे. उपास करून प्यायल्याने वजनाचा हिशेब जुळतो, असं त्यात म्हटलंय.

३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे ७० कॅलरी. प्रथिनं, जीवनसत्त्वं शून्य. रिकाम्या पोटी ते झपाट्याने रक्तात उतरतं. शिवाय यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलं की नवी साखर बनवणं मंदावतं. उपाशी माणसाची साखर घसरते, घाम येतो, शुद्ध हरपते. आणि सोबतचे म्हणतात, ‘चढलीय, झोपू दे.’ नेमकं हेच करू नये. कुशीवर वळवा, १०८ लावा.

वर मुद्दाम उलटी काढली तर पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

उपास, उलट्या आणि दारू असं चक्र वारंवार चालत असेल तर ते डाएट नव्हे. खाण्याचा विकार आणि व्यसन बरेचदा जोडीनेच येतात. डॉक्टरांना दोन्ही सांगा. थायमिनची (‘ब१’ जीवनसत्त्वाची) कमतरता अशा रुग्णांत बरेचदा नजरेतून निसटते. रोज पिणाऱ्याने मात्र परस्पर एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.