निम्मं तुझं, निम्मं माझं, उरलेलंही माझं

मित्राला हॉटेलात जेवायला बोलवायचं असेल तर बर्फ पडायची वाट बघा. उन्हाळ्यात बोलावलंत तर तो बायको, दोन मुलं आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे घेऊन येईल. बर्फात एकटाच येतो. शिवाय असल्या हवेत आपण आलो, याचं एकमेकांवर भारी ओझं असतं. त्यातलं तुमच्या डोक्यावरचं ओझं कोट काढतानाच खुंटीला अडकवून ठेवा. त्याच्या डोक्यावरचं मात्र जेवण होईपर्यंत उतरू देऊ नका.

जागा म्हणून शिकागोचा डेव्हॉन अव्हेन्यू, म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलांचा रस्ता, उत्तम. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गसारख्या उपनगरातून निघालात तर बर्फात वाट लांबते, म्हणून मित्राला आधी पोहोचू द्यावं आणि आपण 'ट्रॅफिक'मध्ये असावं. या एकाच रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना मानाने गांधी मार्ग, महंमद अली जिना मार्ग आणि शेख मुजीब मार्ग अशी नावं दिलेली आहेत. वाटणी करून जेवायला याहून योग्य पत्ता जगात सापडणार नाही.

आत शिरण्याआधी रस्त्यावरच्या खुर्च्या बघून घ्या. शिकागोत ज्याने फावडं मारून गाडीपुरती जागा मोकळी केली, त्याची ती जागा, असा अलिखित कायदा आहे. गाडी काढताना लोक तिथे मोडकी खुर्ची, बादली, इस्त्रीचं टेबल, हाताला येईल ते ठेवून जातात. लिखित कायद्यात हे बसत नाही आणि महापालिका अधूनमधून तो सगळा संसार उचलून नेते. पण महापौर रिचर्ड एम. डेली यांनी स्वतःच या प्रथेची जाहीर बाजू घेतली होती. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत मोठ्या झालेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तोच न्याय टेबलावर लावा. वाढायचा मोठा चमचा आल्याआल्या आपल्या हातात घ्या आणि जेवण संपेपर्यंत भांड्यातच राहू द्या, दांडा आपल्या बाजूला करून.

मागवायचं काय, हे स्वतः कधीही सांगू नका.

"तू सांग रे, मला काहीही चालतं," म्हणा. तो पनीर म्हणेल. "कालच घरी होतं." तो छोले म्हणेल. "रात्री त्रास होतो." चिकन म्हणेल. "चालेल की," एवढंच म्हणून खिडकीबाहेर बर्फ बघत बसा. त्या "चालेल की"मध्ये बाकीचं सगळं येतं. दोन मिनिटांत तो स्वतःच्या तोंडाने मटण बिर्याणी म्हणेल. बिर्याणी फसली तर निवड त्याची, जमली तर तुम्ही दोघेही जाणकार. वेटरने तिखटाचं विचारलं की 'इंडियन स्पायसी' सांगा, मित्राला अ‍ॅसिडिटी असेल तर आवर्जून सांगा. तो पाणी पीत राहतो, तुमचा वेग राहतो. एकच सूप 'वन बाय टू' मागवून सुरुवात करायलाही हरकत नाही. मात्र वाट्या बघून उचला, भरणाऱ्याचा हात दुसऱ्या वाटीला नेहमी आखडतो.

बिर्याणी आली की खरी विद्या सुरू होते. वर असतो तो मोकळा, पांढरा-केशरी, तळलेला कांदा पेरलेला भात. मसाला, मटण आणि अर्धं उकडलेलं अंडं खाली दडून असतं. तुमच्या हातात चमचा आहे. वरचा भात अलगद उचला आणि मित्राच्या ताटात डोंगर रचा. तो "अरे बस, बस" म्हणेल, तुम्ही "घे रे, एवढ्या थंडीत आलास" म्हणा. शेजारच्या टेबलावरच्या मावशीसुद्धा कौतुकाने बघतील. आपल्याकडे किती आग्रहाने वाढलं हे बघतात, भांड्याच्या तळाशी काय राहिलं हे कोणी वाकून बघत नाही. मग "आता मी थोडंसंच घेतो" असं म्हणून चमचा सरळ तळापर्यंत घाला.

एवढ्यावरही मित्र जोरात जेवत असेल तर विचारा, "ग्रीन कार्डाचं कुठवर आलं?"

हा प्रश्न हाताशी ठेवा, सूपला वाया घालवू नका. तो चमचा खाली ठेवेल. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, इथपासून सुरुवात करेल, मग रांगेतली स्वतःची तारीख, मग ती रांग कुठवर सरकली हे सांगणारं या महिन्याचं सरकारी व्हिसा बुलेटिन, मग त्याच्यानंतर अर्ज करून पुढे निघून गेलेला दुसऱ्या देशाचा सहकारी. माणूस खरंच कळवळून बोलत असतो. तुम्हीही कळवळून मान हलवा, चावता चावता ती हलतेच. फक्त मध्ये स्वतःची हकिगत सांगायला जाऊ नका. तिथे बरेच जण घसरतात आणि दोघांचंही जेवण गार होतं.

दुसरं हत्यार महापालिकेने दिलेलं आहे. शहरातल्या सुमारे 500 मैल रस्त्यांवर पाट्या आहेत: दोन इंच बर्फ साचला की इथली गाडी उचलून नेता येते. कबाबाची गरम प्लेट टेबलावर आली की चेहरा गंभीर करून म्हणा, "तुझी गाडी त्या पाटीखाली तर नाही ना?" तो कोट, टोपी, मफलर, हातमोजे चढवून बाहेर जाईल, पाटी पुसून वाचेल, परत येऊन सगळं उतरवेल. कबाब सहा असले तर तेवढ्यात चार होतात. तीन करू नका, मैत्री टिकवायची आहे.

बिल आलं की वादळांवर या. 1967 पासून सुरुवात करा. जानेवारीत 23 इंच बर्फ पडून अख्खं शहर ठप्प झालं होतं. मग 1979, ज्या साली बर्फ नीट उचलला नाही म्हणून चिडलेल्या मतदारांनी महापौर मायकल बिलँडिक यांना पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच पाडलं आणि जेन बर्न आल्या. मग फेब्रुवारी 2011, लेक शोअर ड्राइव्हवर रात्रभर अडकलेल्या शेकडो गाड्या. यातलं शेवटचं हात पसरून सांगावं लागतं आणि पसरलेल्या हातांनी पाकीट काढता येत नाही. मित्र पुरता भिडस्त असेल तर 2011 यायच्या आत कार्ड ठेवून मोकळा होतो. तो तुमच्याइतकाच मुरलेला निघाला आणि "टीटीएमएम करू या" म्हणाला, तर लगेच उदार व्हा. "टिप मी देतो!" हे पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणा. मग अठरा, वीस, बावीस टक्क्यांचे आकडे वाचत राहा आणि चहा वेगळा मागवला होता की नाही, यावर चर्चा काढा. वेटर बिचारा बर्फ तुडवत कामावर आलेला असतो, तेवढं मात्र खरोखर द्या. मित्राला लुटा, त्याला नको.

उरलेल्या बिर्याणीचा डबा भरताना "अन्न टाकू नये, आई म्हणायची" असं म्हणावं. आईचं नाव आल्यावर डबा कोणी नेणार, हा विषय निघत नाही.

बाहेर आल्यावर दिसेल की नांगराच्या गाडीने रस्ता साफ करताना सगळा ढिगारा तुमच्या चाकांशी लोटून ठेवलाय. फावडं मित्राच्या डिकीत असतं. मागू नका, तो काढतोच. तुम्ही गाडीत बसून हीटर लावा, काचा मोकळ्या व्हायला वेळ लागतो. तो खिडकीवर टकटक करून "झालं रे" म्हणेल, तेव्हा आतूनच अंगठा दाखवा. काच खाली घेऊ नका, मटणाचा वास बाहेर जातो.