लपवायचं काही नसलेल्या नव्या सभासदांस सूचना

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत राहायला आलात, अभिनंदन. पाण्याचं आणि ट्रॅफिकचं हळूहळू कळेलच. आधी इथे दिसायचं कसं ते शिकून घ्या. गेटपासून तुमच्या दारापर्यंत सात कॅमेरे आहेत. आठवा समोरच्या काकांच्या डोअरबेलमध्ये आहे आणि तो बरोब्बर तुमच्या उंबरठ्यावर रोखलेला आहे. काल तुम्ही बनियनवर दूध घेतलंत, ते त्यांनी पाहिलं. तक्रारीच्या फंदात पडू नका. माणसानं घरगुती कामासाठी जमवलेली माहिती नव्या डेटा संरक्षण कायद्यातून वगळलेली आहे, आणि तुमच्याकडे कोण येतं-जातं हे पाहणं काकांचं निवृत्तीनंतरचं घरगुती कामच आहे.

गेटवरच्या मशीनपुढे चेहरा धरताना कुरकुर करू नका. 'या चेहऱ्याचं पुढे काय करता?' असं विचारलंत की कमिटी ओळखते, कुठेतरी पाणी मुरतंय. (बी विंगच्या गच्चीत तीन पावसाळे मुरतंय ते पाणी कमिटीला दिसत नाही, तो भाग वेगळा.) विचारलंच कोणी, तर 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय!' असं मोठ्यांदा म्हणावं. असं म्हणणाऱ्याला मात्र पगार विचारू नये.

पूर्वी गेटवर नुसती वही असायची. दोरीला बांधलेलं पेन, पेनात शाई नाही. नाव, मोबाइल नंबर, कोणाकडे, कुठून आलात, सही. माझा मेहुणा 'कुठून'च्या रकान्यात इमानदारीत 'घरून' लिहायचा. वही भरली की रद्दीत जायची. एकदा तलावपाळीवर भेळ संपवून पुडीचा कागद उलगडला, तर आमचंच गेट! मार्चमधली सगळी पाहुणेमंडळी, नंबरांसकट, चिंचेच्या चटणीत. दोन-तीन आकडे चटणीनं झाकले गेले होते, तेवढंच त्या बिचाऱ्यांचं डेटा संरक्षण. यात बेकायदेशीर काही शोधू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो. भेळ त्याच्या कक्षेबाहेर.

आता ॲप आलंय. त्याचा खरा उपयोग तुम्हाला कामवाल्या मावशींमुळे कळेल. त्यांचा फोटो, आधारची झेरॉक्स, त्या कोणाकोणाकडे काम करतात, किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, सगळं तुमच्या मोबाइलवर येतं. शिवाय त्यांना तारे द्यायचे. आमच्या मावशींना साडेतीन आहेत. अर्धा तारा कुठल्या फ्लॅटनं कापला ते त्यांना अजून कळलेलं नाही. आपल्याला तारे द्यायची सोय त्यांच्या फोनवर नाही, हे आपलं नशीब. आधार देणं अर्थातच ऐच्छिक आहे. नाही दिलं तर गेटाबाहेर उभं राहणंही ऐच्छिक.

कायदा म्हणतो, संमती मोकळेपणानं दिलेली, नेमकी, समजून-उमजून आणि विनाअट हवी. संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी आपल्या भाषेत मिळायला हवी, म्हणजे मराठीतही. मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, 'दादा, मशीनला अंगठा दिला नाही तर तो दांडा वर होत नाही.' संमतीची एवढी सुटसुटीत व्याख्या संसदेलाही जमलेली नाही.

तुम्ही फार वाचणारे असाल तर सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल काढाल, म्हणून आधीच सांगतो. नऊ न्यायमूर्ती, एकमत, खाजगीपणा हा मूलभूत हक्क. मूळ याचिका २०१२ ची, आधारविरुद्धची. ती करणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी तेव्हा ८६ वर्षांचे होते. त्या वयाचे आमचे सभासद उपवन तलावाला फेऱ्या मारतात. असा मूलभूत हक्क घटनेत नाहीच, असं सरकारी बाजू २०१५ मध्ये त्याच कोर्टात सांगून चुकली होती. निकालानंतर त्याच सरकारवर कायदा करायची वेळ आली, आणि मग जो झाला तो झाला.

त्या कायद्यात तुम्हाला 'डेटा प्रिन्सिपल' म्हटलंय. हुरळून जाऊ नका. शाळेत प्रिन्सिपलच्या हातात निदान छडी असायची. इथे खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर प्रिन्सिपललाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. तुमची माहिती ज्यांच्याकडून फुटली त्यांना २५० कोटींपर्यंत होऊ शकतो, पण तो वसूल झाला की सरकारी तिजोरीत जातो. नंबर तुमचा, कर्जवाल्यांचे फोन तुम्हाला, पैसे दिल्लीला. राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकतं. आणि या सगळ्यावर देखरेख करायला जे मंडळ आहे, त्याचे सदस्य नेमणार केंद्र सरकारच. सासरच्या भांडणात सासूबाईच पंच.

घाईही करू नका. २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तुमचे बहुतेक हक्क त्यापुढे १८ महिन्यांनी लागू होतील असं ठरलं. एका कलमाला मात्र दम धरवला नाही, ते तेव्हाच लागू झालं. त्यानं माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं. पूर्वी त्यात अटी होत्या, मोठं सार्वजनिक हित असेल तर माहिती द्या असंही तिथेच लिहिलेलं होतं. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढं म्हटलं तरी पुरतं. सार्वजनिक हिताचा युक्तिवाद दुसरं कलम शोधून तुम्ही करायचा. तेव्हा आपल्या रस्त्याच्या कामावर सही कोणाची, असा अर्ज करणार असाल तर तयारीनं करा. तो खड्डा सार्वजनिक असला तरी सही वैयक्तिक निघू शकते.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे, जरूर या. गेल्या वर्षीच्या सभेत ३२ नवे कॅमेरे पाच मिनिटांत मंजूर झाले. लिफ्ट, जिना, कचऱ्याची खोली, मावशी डबा खायला बसतात तो पायऱ्यांचा कोपराही. मग मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, सोसायटीच्या ऑफिसात, जिथे कॉन्ट्रॅक्टरची बिलं पास होतात, तिथेही एक लावायचा का? सेक्रेटरी उभे राहिले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं त्यांनी सभेच्या निदर्शनास आणून दिलं. नऊ न्यायमूर्ती, एकमत, हेही सांगितलं. तारीखसुद्धा पाठ होती.

अनुमोदक न मिळाल्यानं सूचना बारगळली. मग समोसे आले.