फुलवालीची बाजू, युट्रेख्तहून

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय: कोपऱ्यावरच्या फुलवालीला उठवायचं की राहू द्यायचं. सुरुवात एका काकांनी केली. "फुटपाथ चालायला असतो. परदेशात बघा, कुणी असं रस्त्यात फुलं मांडून बसतं का?" खाली अंगठ्यांची रांग लागली. मग कुणीतरी लिहिलं, अ‍ॅपवरून दहा मिनिटांत फुलपुडी घरी येते, ती बाई हवीच कशाला?

मी परदेशातच राहते. नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला सतरा वर्षं झाली. म्हणून ते वाक्य मला झोंबलं. बसतात हो काका, रस्त्यातच बसतात. दर शनिवारी इथल्या यान्सकेर्कहोफ चौकात झाडांखाली फुलांचा बाजार भरतो. बादल्यांची गर्दी एवढी की सायकल हातात धरून वाट काढावी लागते. फुलवाल्यांना हटवा, असं मी तिथे एकदाही ऐकलेलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमला सिंगेल कालव्यावरचा फुलबाजार १८६२ पासून आहे. शहराच्या ऐन मध्यात.

इथल्या फुलवाल्याला नगरपालिकेचा परवाना असतो, जागा ठरलेली असते, हे मला मान्य आहे. पण मग आपल्याकडेही तेच मागा ना! २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा तेच सांगतो: आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, आणि ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. त्यासाठीच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच प्रतिनिधी असायला हवेत. ग्रुपवर शंभरेक मेसेज पडले, या कायद्याचं नाव एकानेही काढलं नाही.

आणि अ‍ॅपचं म्हणाल, तर प्लास्टिकच्या डबीत मोजून आलेली झेंडूची फुलं म्हणजे फुलपुडी नव्हे. आमची फुलवाली सोमवारी न सांगता बेल टाकायची. मंगळवारी जास्वंद. संकष्टीला दूर्वांची जुडी आधीच बांधून ठेवलेली, "मोजून घ्या वहिनी, एकवीस आहेत" असं आईला म्हणायची. तिच्याकडे पाहून आम्हाला तिथी कळायची. पानात फुलं ठेवून दोऱ्याचे दोन वेढे द्यायची आणि दोरा दाताने तोडायची. पुडी घरी येईपर्यंत पान गार असायचं.

इथे आमच्या गल्लीच्या टोकाला फुलांचं एक दुकान आहे. एक बाई आणि तिचा भाऊ चालवतात. मला ते दुकान मनापासून आवडतं, फेब्रुवारीत तर फारच. बाहेर सगळं करडं असतं, चार वाजल्यासारखा उजेड दिवसभर, आणि दारात ट्यूलिपच्या बादल्या. सुपरमार्केटात त्याच जुड्या स्वस्त मिळतात, तरी मी तिथेच जाते. ती देठ तिरके कापते, खालची पानं ओरबाडून काढते, कागदात गुंडाळताना विचारते, "कुणाला द्यायचीत का?" मी दर वेळी म्हणते, "नाही, घरीच." देवाला आहेत, असं आजवर सांगितलेलं नाही.

तिच्याकडचे बरेचसे गुलाब केनिया नाहीतर इथिओपियाचे. आल्समेर गावच्या फुलांच्या लिलावातून येतात. तिथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. आपल्याकडे मावळात तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये पिकणाऱ्या लांब देठाच्या गुलाबाला मात्र सगळे 'डच गुलाब' म्हणतात. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मला त्या गुलाबाबद्दल फार माया वाटली होती.

दुकानात येणारा प्रत्येक जण फूल आधी नाकाशी नेतो. माझा हात अजून वर जात नाही. देवाचं फूल हुंगायचं नाही, हे आजीने अंगात इतकं मुरवलंय की नवऱ्यासाठी घेतलेला गुच्छसुद्धा मी लांब धरून आणते. एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी तिच्याकडे झेंडू मागितला. डच भाषेत झेंडूला 'आफ्रिकांत्ये' म्हणतात. तिने कुंडीतली चार रोपं दाखवली. "बागेत लावायला ना?" मी हो म्हटलं. घरी आणून सगळी फुलं खुडली, हार केला आणि नागडी रोपं बाल्कनीत मागे सरकवून ठेवली. दुकानातली बाई सायकलवरून गेली तर तिला दिसतील म्हणून.

डच भाषेतही तू आणि तुम्ही वेगळे आहेत. दुकानातली बाई मला बरीच वर्षं तुम्ही म्हणायची. तीन-चार वर्षांपूर्वी एका शनिवारी सहज तू म्हणाली आणि मी घरापर्यंत हसत आले.

मागच्या डिसेंबरात पुण्याला गेले, तर पहिल्याच सकाळी कोपऱ्यावर गेले. लहानपणी फुलवाली मला "ए, आईला सांग गं, उद्या लवकर उठणार आहे मी" असं म्हणायची. या वेळी मान वर करून म्हणाली, "काय देऊ मॅडम?" मी कुणाची मुलगी ते सांगितलं. "ओळखलं की! तुम्ही तिकडं असता ना." ओळखलं होतं, आणि तरी तुम्ही. गजरा दिला, वर दोन सोनचाफे दिले, पैसे पुरते घेईना. पण तू काही म्हणाली नाही.

काकांना मी जे लांबलचक उत्तर लिहिलंय त्यात हे काही नाही. त्यात यान्सकेर्कहोफ आहे, १८६२ आहे, कायदा आहे. ते वाचून कुणीतरी लिहिणारच, की तुम्ही तिकडे बसून आम्हाला शिकवू नका. त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मी ते पाठवलंय.

काल आईचा फोन होता. वाद नको म्हणून फुलवाली आपणहूनच उठलीय. आता डेअरीमागच्या बोळात बसते, तेही सकाळी साडेआठपर्यंतच. आई तिथवर चालत जाते. गणपतीला मी येतेय, विमान पहाटे मुंबईला उतरतं. साडेआठच्या आत कोथरूड गाठायचं तर कुठली गाडी करावी, ते बघतेय.