जाहिरातीतला फेस आणि इंद्रायणीतला फेस

टूथपेस्टची कुठलीही जाहिरात बघा, ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची जाड लाट असते. आणि दंतवैद्य काय सांगतात? लहान मुलाला मटारच्या दाण्याएवढी पुरे, ३ वर्षांच्या आतल्या बाळाला तर तांदळाच्या दाण्याएवढीच, कारण मुलं पेस्ट गिळतात आणि फ्लोराइड जास्त पोटात गेलं की येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडू शकतात. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत तर मुळात पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, आणि तिथल्या घरातही टीव्हीवर हीच लाट दिसते.

मला जाहिरातींचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीसाठी येतो. नको त्या वस्तू गळ्यात मारतात यावर सगळे बोलतात, पण जी वस्तू खरंच लागते ती किती वापरायची हेसुद्धा आपण जाहिरात बघूनच शिकलोय, यावर कुणी बोलत नाही. माप जितकं मोठं तितका डबा लवकर संपणार, इतका सरळ हिशोब आहे.

फेसाचं तर विचारूच नका. शॅम्पूच्या जाहिरातीत डोकं दिसेनासं होईल एवढा फेस, डिटर्जंटच्या जाहिरातीत बादलीतून उतू जाणारा फेस, हँडवॉशमध्ये पण तेच. अहो, मळ फेस काढत नाही, मळ काढतं ते पावडरीतलं सर्फॅक्टंट नावाचं रसायन, फेस नुसता त्याच्यासोबत येतो. म्हणून तर फ्रंट लोड मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात आणि कपडे तरीही स्वच्छ निघतात. शिकेकाईला कुठे एवढा फेस यायचा? पण इतकी वर्षं फेस बघून बघून आपल्या डोक्यात असं बसलंय की फेस कमी दिसला की हात आपोआप पुन्हा पावडरीकडे जातो, मग तो फेस निघेपर्यंत कपडे पुन्हा पुन्हा खळबळायचे आणि वर आणखी पाणी ओतायचं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या लातूरमध्येही हीच जाहिरात आणि हीच सवय.

आणि हे सगळं मोरीतून जातं कुठे? आळंदीला जाऊन बघा. गेल्या काही वर्षांत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थरच्या थर कितीदा दिसले, आणि वारकरी त्यातच उतरून आंघोळ करतात, तेच पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतात. मला ते फोटो बघवत नाहीत. कारखान्यांचं पाणी त्यात आहेच, प्रक्रिया न करता सोडलेलं शहरांचं सांडपाणी पण आहे, आणि त्यांना सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, पण त्या सांडपाण्यात आपल्या घरांतलं डिटर्जंट पण असतंच ना. इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि तिथून खाली पंढरपूरला तिचीच चंद्रभागा होते. शिवाय डिटर्जंटमध्ये फॉस्फेट असेल तर ते पाण्यातल्या शेवाळाचं आणि जलपर्णीचं खतच. जलपर्णी काढायला दरवर्षी टेंडर निघतं, पैसा आपलाच. जाहिरातीवर खर्च करणाऱ्याला त्यातला एक रुपया भरावा लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाकिटावर जे माप छापलंय तेच जाहिरातीत दिसलं पाहिजे, हा नियमच हवा. एक चमचा लिहिलंय ना, मग एकच चमचा दाखवा. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय ही संस्था १९८५ पासून आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार तिथे कुणालाही ऑनलाइन करता येते. डिटर्जंटच्या जाहिरातींबद्दल तक्रारीचा मसुदा मी लिहायला घेतलाय. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी सांगा, आणि तुमच्या घरातल्या पाकिटावर एका बादलीला किती पावडर लिहिली आहे त्याचा फोटो खाली टाका, कुठल्याही कंपनीचा चालेल.