आंबोली घाटातले पालटते हवामान
भर पावसाळ्यात एकट्याने मोटारसायकलवरून आंबोली घाट चढल्याचा आपला अनुभव वाचून सावंतवाडीहून त्याच वाटेने केलेला माझा प्रवास आठवला. दाणोलीपर्यंत लख्ख ऊन होते. घाट लागताच पाऊस आला आणि धबधब्याजवळच्या वळणावर धुके इतके दाटले की पुढच्या गाडीचा केवळ लाल दिवा दिसत होता. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात आणि थंड होतात, म्हणूनच अवघ्या काही किलोमीटरांत हवा अशी पालटते. आपण हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी मात्र थांबला नाहीत, याची हुरहूर वाटली. तेथे सापडलेल्या माशाला २०२० साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. अंधार पडल्यावर बेडूक रस्त्यावर येतात, तेव्हा वेग आवर्जून कमी ठेवावा.