दुधाची दाढ सरसकट काढू नका: एक खुलासा
बडोद्यातल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर, दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत, एक मेसेज फिरतोय: "दुधाच्या दाढेवर पैसे घालवू नका. किडली की काढा, खालून नवी येतेच."

येतेच असं नाही! काही मुलांच्या जबड्यात खालचा पक्का दात तयारच झालेला नसतो. अक्कलदाढा सोडल्या तर बहुधा खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढ, म्हणजे दुधाच्या दाढेच्या जागी येणारी लहान पक्की दाढ. बाहेरून हे कळत नाही, एक्स-रेतच दिसतं. त्यातही ही उपदाढ कधीकधी उशिरा दिसू लागते, म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेवरून लगेच निकाल देऊ नये.

अशा मुलाची दुधाची दाढ, मुळं शाबूत असतील तर, तिशी-चाळिशीपर्यंतही टिकते. म्हणून ती भरून घ्यायची, गरज पडल्यास स्टीलची टोपी बसवायची. रूट कॅनाल करावं लागलं तर मुळांत एरवीची विरघळणारी पेस्ट न घालता मोठ्यांसारखं कायमचं गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरतात. घाईने काढली तर हाड झिजतं, शेजारची दाढ कलते आणि इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत बसवता येत नाही.

दाढ शेजारच्या दातांपेक्षा खोल रुतत चालली असेल, किंवा तारा लावून जागा बंद करायची असेल, तर काढणं योग्य ठरू शकतं. पण ते एक्स-रे बघून डॉक्टरांनी ठरवायचं.